एकशे बावीस मीटर

४ मार्च

भिंगरी,

या हातांनी तुझ्यासाठी केलेल्या वस्तू अशा:

बुटांत घालायचे दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचे तळ, सहा जोड. डाव्या पायाचा दोन मिलीमीटर जाड, कारण तुझा डावा पाय तेवढा आखूड आहे, आणि हे डॉक्टरने सांगायच्या वर्षभर आधी मी सांगितलं होतं. ओले बूट वाळवायची पेटी, एक, आत चाळीस वॅटचा दिवा, झाकणाला सोळा भोकं. कमरेला बांधायचा वाळूचा पट्टा, शिवण दुहेरी, वजन दोन किलो. दोन किलो म्हणजे दोन किलो, हे तुला वेगळं सांगायला नको. पाचव्या किलोमीटरच्या दिव्याच्या खांबाला बाटली अडकवायची कडी. मोजचाक एक: माझ्याच सायकलचं पुढचं चाक, त्याला बंद पडलेल्या कापड गिरणीतला आकडे फिरवणारा डबा जोडलेला. त्या चाकाने मोजलेला रस्ता, दुकानाच्या दारापासून तलावाच्या भिंतीला वळसा घालून परत दारापर्यंत, दर किलोमीटरला तीन इंच रुंद पांढरी रेघ, रंग दर वर्षी नवा. वह्या नऊ, हाताने शिवलेल्या, त्यांत तुझ्या दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतची प्रत्येक धाव.

यादी द्यायचं कारण त्या मासिकातली तुझी मुलाखत. तुझ्या आईने माझ्या पुढ्यात आणून टाकली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. सगळ्यांच्या पुढे धावून कधीच न जिंकणाऱ्या लोकांवर लेख आहे आणि तुझा फोटो चांगला अर्धं पान आहे. त्यांनी विचारलंय, "तुम्हाला कोणी घडवलं?" तू म्हणालीस, "मी स्वतःच."

ठीक आहे. मलाही कोणी शिकवलं नाही. वजनाच्या काट्यांच्या कारखान्यात मी हमाल म्हणून लागलो, जेवणाच्या सुट्टीत मोडके काटे उघडून बघायचो, आणि आज बाजारातल्या दर तीन काट्यांपैकी दोन माझ्या हाताखालून गेलेले आहेत. तेव्हा "मी स्वतःच" म्हणण्यातली चव मला माहीत आहे. फक्त माझी यादी वेगळी ठेवतो.

तुझी आई म्हणते, पुढच्या महिन्यातल्या शर्यतीनंतर तू थांबणार. कुठल्याशा शाळेत खेळाच्या बाईंची जागा आहे, पगार बरा आहे, संध्याकाळी घरी. पंचविसाव्या वर्षी. मी तुला अडवायला लिहीत नाही. सहा वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस, मी फोन केला की तो आईकडे जातो, तेव्हा अडवायचा हक्क कुठून आणू? कागद मात्र तुझ्या वसतिगृहात पोचतो आणि कागदाला मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून कागद.

रस्त्याच्या मोजणीसाठी एक बाई येऊन गेल्या. त्याचं पुढे कधीतरी लिहीन. विशेष काही नाही.

बाबा


११ मार्च

भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

त्या मोजणीच्या बाईंचं सांगतो. नगरपालिकेला आपल्या रस्त्यावर दहा किलोमीटरची शर्यत भरवायची आहे. अधिकृत शर्यत म्हणजे अंतर अधिकृत हवं, म्हणून संघटनेने मोजायला माणूस पाठवला. माणूस म्हणजे साठीच्या एक बाई, डोक्यावर कापडी टोपी, हातात स्वतःची सायकल. नगरपालिकेच्या कारकुनाने त्यांना सरळ माझ्या दुकानात आणलं. म्हणाला, "या रस्त्याचा इंच न् इंच यांना विचारा. रेघा यांच्याच आहेत."

मी मोजचाक पुढे केलं. खरं सांगतो, पुसून ठेवलं होतं.

त्यांनी खाली बसून चाक बघितलं. छत्तीस तारा, प्रत्येक तारेला खडूने नंबर, म्हणजे एका फेऱ्याचा छत्तिसावा भागसुद्धा निसटत नाही. "हे कुठे शिकलात?" म्हणाल्या. मी म्हटलं, "कुठे नाही." त्या हसल्या. "म्हणजे जिवाला लावून घेऊन केलंय."

मला बाई आवडल्या.

मग म्हणाल्या, "फेऱ्याची लांबी कशी काढलीत?" मी सांगितलं, चाक उलटं टांगलं, पोलादी फीत टायरभोवती गुंडाळली, तीनदा मोजलं, तिन्ही वेळा दोन मीटर एकोणीस पूर्णांक आठ सेंटीमीटर. मिलीमीटरचाही फरक नाही. त्यांनी मान हलवली. पण पिशवीतून स्वतःची फीत काढली.

त्यांनी सरळ रस्त्यावर कडेने पोलादी फीत दहा वेळा लावून तीनशे मीटर मापले, दोन्ही टोकांना खिळे ठोकले. आणि मला म्हणाल्या, "आता बसा सायकलवर, आणि या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत चालवत न्या."

मी बसलो आणि चालवत नेली.

थोडा फरक निघाला. जुनी गोष्ट आहे, चाकही जुनं आहे. तुला कळवावं वाटलं, इतकंच.

तुझ्या आईची कंबर आता बरी आहे. शेजारच्या शिंपीणबाईंनी नवा काटा घेतला, ग्रॅम दाखवणारा, आणि आता त्या बटणंसुद्धा तोलून विकतात.

बाबा


१९ मार्च

भिंगरी,

आईने काल जेवताना धरलं.

"पत्र टाकलंत?"

"दोन टाकली."

"फरक निघाला ते लिहिलंत?"

"लिहिलं."

"किती निघाला ते?"

मी भाकरी... असो, मी खात राहिलो.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय. किती ते लिहिलंत का?"

"थोडा म्हणून लिहिलंय."

ती उठली, हात धुऊन आली आणि म्हणाली, "बाजारात एखाद्याच्या काट्यात 'थोडा' फरक निघाला तर तुम्ही त्याचं काय करता?"

मी त्याचा काटा उचलून आणतो, हे तिला माहीत आहे. मी म्हटलं, "तूच सांग ना फोनवर तिला." त्यावर म्हणाली, "चूक तुमची. जीभ तुमची. पत्ता तुमच्याकडे आहे."

तेव्हा आता नीट लिहितो, आकड्यासकट.

तीनशे मीटरला माझ्या हिशेबाने चाकाचे एकशे साडेछत्तीस फेरे यायला हवे होते. आले एकशे अडतीस, वर सात तारा. बाई म्हणाल्या, "चाक टांगलेलं असताना टायर पूर्ण गोल असतं. माणूस बसला की खालून दबतं. दबलेलं चाक एका फेऱ्यात कमी अंतर कापतं. म्हणून आम्ही नेहमी बसूनच मापतो." वर खड्ड्यांत चाक उडू नये म्हणून मी हवा मुद्दाम थोडी कमी ठेवायचो, त्याने ते आणखी दबायचं. खरा फेरा दोन मीटर सतरा पूर्णांक एक. प्रत्येक फेऱ्यामागे सत्तावीस मिलीमीटर मी तुला फुकट दिले.

स्प्रिंगच्या काट्यावर वजन ठेवलं की स्प्रिंग किती दबते, एवढ्या एका गोष्टीवर मी तीस वर्षं पोट भरलं. आणि माझ्या स्वतःच्या ढुंगणाखाली चाक दबतं हे मला सुचलं नाही. कारकून तिथे उभा होता. त्याला काही कळलं नाही, तरी तो हसला. मी त्याच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

चार हजार पाचशे पन्नासावा फेरा पुरा झाला तिथे मी शेवटची रेघ मारली होती. खरं अंतर नऊ हजार आठशे अठ्ठ्याहत्तर मीटर. आपला दहा किलोमीटरचा रस्ता एकशे बावीस मीटर कमी आहे.

आता दुसरा आकडा, ज्याच्यासाठी मला दोन पत्रं आडवळणं घ्यावी लागली. घरच्या रस्त्यावरची तुझी सगळ्यांत चांगली वेळ तेहेतीस मिनिटं पन्नास सेकंद. एकशे बावीस मीटर त्या वेगाने धावायला तुला पंचवीस सेकंद लागले असते. म्हणजे खरी वेळ चौतीस पंधरा. आणि निवड चाचणीला तू मैदानावर धावलीस ते चौतीस चौदा.

त्या दिवशी तू घरच्यापेक्षा एक सेकंद वेगाने धावली होतीस.

मी हे वाक्य वेगळ्या कागदावर चार वेळा लिहून बघितलं. ते प्रत्येक वेळी तसंच येतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू तिथे एकोणीस वर्षांची होतीस आणि रडायच्या बेतात होतीस, म्हणून माझ्या बाजूने जसं होतं तसं लिहितो. निवड करणाऱ्या प्रशिक्षकांच्या, म्हणजे आपल्या शिट्टीवाल्यांच्या, खोलीबाहेरचा बाक. मलमाचा वास. ते हातात तुझी फाइल घेऊन आले, गळ्यात ती शिट्टी, आणि म्हणाले, "अर्जात तेहेतीस पन्नास, इथे चौतीस चौदा. बाकीचे चोवीस सेकंद कुठे सांडले?"

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "बाबा, आपला रस्ता कमी नसेल ना? घरी जाऊन एकदा परत मोजू या?"

तू भांडत नव्हतीस. तू विचारत होतीस. आधीच्या तुझ्या शर्यती सगळ्या आसपासच्या, कुणी अंतर मोजायचं नाही, त्यामुळे पडताळा बघायची ती पहिलीच वेळ होती आणि तुला ते तिथल्या तिथे सुचलं. मला सहा वर्षांनी, खिळे ठोकून दाखवल्यावर.

मी काय म्हणालो ते फाइलमध्ये आहे, कारण शिट्टीवाल्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. "रस्ता दहा किलोमीटर आहे, मोजणी माझी आहे. पायांना काही झालेलं नाही. कच खाल्ली ती तिच्या डोक्याने."

एका बाजूला माझं चाक होतं, एका बाजूला तू. मी चाक उचललं.

बाकावर बसून बूट काढलेस, त्यांतले नमद्याचे तळ ओढून काढलेस, माझ्या हातात दिलेस आणि अनवाणी आत गेलीस. मला वाटलं, पोरगी तापट आहे, होईल शांत.

संघाने तुला घेतलं, पण धावायला नाही, वेग लावायला. फाइलवर "शर्यतीत कच खाते" लिहिलेली मुलगी जिंकायला कोण पाठवणार? तीस किलोमीटर दुसऱ्यांच्या पुढे वारा अंगावर घ्यायचा, मग कडेला व्हायचं. सहा वर्षं. ते वाक्य शिट्टीवाल्यांचं नव्हतं. माझं होतं.

माफी मागायची म्हणजे काय लिहायचं असतं ते मला ठाऊक नाही, कधी लिहिलेली नाही. चूक कुठे, किती, कोणाची, ते वर लिहिलं आहे.

बाबा


२९ मार्च

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. पाच शब्द. "आकडे पाठवा. सगळे. येऊ नका."

येत नाही.

आकडे सोबत जोडले आहेत. नऊ वह्यांतल्या पुऱ्या दहा किलोमीटरच्या धावा दोनशे बारा. प्रत्येकीच्या शेजारी लाल पेन्सिलने खरी वेळ. दर वर्षी रंग देताना रेघेवरच रेघ मारली, त्यामुळे रस्ता पहिल्यापासून तेवढाच कमी होता, कधी जास्त कधी कमी नव्हता. तेवढं तरी नीट आहे. तीनदा तपासलं, आणि नंतर तुझ्या आईला बसवून उलट्या बाजूने वाचायला लावलं. ती एकशे चाळिसाव्या आकड्याला म्हणाली, "या पोरीने एवढं धावून ठेवलंय आणि आपण वाचूनच दमलो."

तू मागितली नव्हतीस अशी एक गोष्टही पाठवतोय. आईने सहा वर्षं तुझी कात्रणं डब्यात घालून ठेवली आहेत. मला दाखवत नव्हती, मी विचारत नव्हतो. आता मागून घेतली. तू वेग लावलेल्या अठरा शर्यती त्यांत आहेत. कुठल्या वेगाने न्यायचं ठरलं होतं आणि तू तीस किलोमीटरला किती वाजता पोचलीस, ते दोन्ही छापलेलं आहे. मी वजाबाक्या केल्या. अठरापैकी एकाही शर्यतीत तुझा फरक चार सेकंदांपेक्षा जास्त नाही. पावणेदोन तास धावून चार सेकंद. उन्हात, समोरच्या वाऱ्यात, आणि ती बंदराकडची शर्यत ज्यात तुझ्या टाचेचं कातडं निघालं होतं, त्यात दोन सेकंद.

मी काट्यांचा माणूस आहे, मनाचं मला कळत नाही. पण एखादी वस्तू अठरा वेळा इतकी सारखी वागली, तर तिच्यात खोट आहे असं मी म्हणणार नाही. जिंकायचं नाही हे पहिल्या पावलापासून ठाऊक, मागच्यांसाठी धावायचं, आपलं डोकं कच्चं आहे असं बापाने सांगितलेलं, आणि तरी तीसच्या तीस किलोमीटर घड्याळासारखं. मी नसतो धावलो. मी तिसऱ्या शर्यतीला घरी आलो असतो आणि सगळ्यांना सांगितलं असतं की रस्ताच वाईट होता.

शिट्टीवाल्यांनाही लिहिलं. मोजणीच्या बाईंच्या सहीचा कागद जोडला आणि फाइलमधलं माझं वाक्य काढून टाकायची विनंती केली. त्यांचं उत्तर चार दिवसांत आलं, माणूस तत्पर आहे. लिहितात की जुन्या नोंदी खोडता येत नाहीत, नव्या जोडता येतात, तशी जोडली आहे. "तथापि नऊ तारखेच्या शर्यतीत तिचं काम तीस किलोमीटरपर्यंत वेग लावण्याचं ठरलेलं आहे व ते ती उत्तम करते." तथापि हा शब्द मला आता आवडेनासा झाला आहे.

शाळेच्या नोकरीबद्दल मी काही म्हणत नाही. पोरांना शिकवणं चांगलं काम आहे. एवढंच म्हणतो की थांबायचं तर खऱ्या आकड्यावर थांब, माझ्या आकड्यावर थांबू नकोस.

बाबा


११ एप्रिल

भिंगरी,

रविवारचं तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने सांगतो.

दुकानातला टीव्ही मी सकाळीच लावला. रविवारी दुकान बंद असतं, पण शटर अर्धं वर होतं आणि अर्धं शटर म्हणजे बाजाराला पूर्ण आमंत्रण. आधी भाजीवाल्या काकू आल्या, काटा दाखवायच्या निमित्ताने. काट्याला काही झालं नव्हतं. मग मासेवाला. मग शिंपीणबाई, हातात शिवण घेऊनच. तुझी आई सगळ्यांत पुढे, स्टुलावर.

तू पुढे होतीस. मागे सात जणी, तुझ्या आडोशाला. मासेवाला म्हणाला, "ही पहिली धावतेय ती तुमचीच ना? मग जिंकतेय की!"

"ती जिंकत नसते," आई म्हणाली. "ती त्यांना नेऊन सोडते."

"म्हणजे रिक्षा," मासेवाला म्हणाला, आणि भाजीवाल्या काकूंनी त्याच्या पाठीत अशी चापट मारली की त्याची टोपी पडली.

तीस किलोमीटरला टीव्हीवरचा माणूस म्हणाला की वेग लावणारी धावपटू आता बाजूला होईल, तिने आपलं काम चोख केलं. मी घड्याळ धरलं होतं. एक तास पंचेचाळीस मिनिटं, एक सेकंद. तू मनगटाकडे बघितलंस. डाव्या बाजूला थोडी सरकलीस. सातही जणी तुझ्या उजवीकडून पुढे गेल्या.

आणि तू थांबली नाहीस.

शिंपीणबाईंची सुई थांबली. मासेवाला म्हणाला, "अहो, तुमची पोरगी वाट चुकली की काय?"

तुझी आई उठून उभी राहिली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो शर्यत संपेपर्यंत काढला नाही. खांद्यावर अजून खूण आहे.

तुझं नाव यादीत पुरी शर्यत धावणाऱ्यांतही घातलेलं होतं, वेग लावणाऱ्याने शेवटपर्यंत धावलं तर ते नियमात बसतं, हे मला नंतर कळलं. कधी घातलंस? माझं पत्र मिळाल्यावर की आधी? विचारत नाही, फक्त वाटलं.

चौतीस ते अडतीस तुझी मान डावीकडे कलली होती. दहा वर्षांची असल्यापासून तू दमलीस की ती डावीकडे कलते. पूर्वी मी रस्त्याच्या कडेने ओरडायचो, "मान!" परवा तोंड उघडलं होतं, मग मिटलं. अडतीसला तू एकीला मागे टाकलंस. एकोणचाळीसला दुसरीला. काकू टीव्हीला म्हणाल्या, "पळ गं माझे बाई, पळ!" चाळीसच्या पुढे आणखी एक जण रस्त्यात खालीच बसली. शेवटच्या सरळीत तुला आता पाय दिसत नसावेत असं तुझ्या डोळ्यांवरून वाटत होतं, तरी पावलाची लांबी कमी झाली नव्हती.

पाचवी. दोन तास एकोणतीस मिनिटं सहा सेकंद.

मासेवाल्याने विचारलं, "पाचवीला काही देतात का?" तो स्वतःच म्हणाला, "द्यायला पाहिजे."

संध्याकाळी फोन आला तो आईला. ती बराच वेळ "हं, हं" करत होती. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. मला वाटलं काहीतरी विचारायला सांगितलंय.

तुझं बोलणं मी इथे लिहून ठेवतो, कारण माझ्या लक्षात राहतं पण पुढे मी ते माझ्या सोयीने लक्षात ठेवीन.

तू म्हणालीस, "बाबा, तीसला मी बाजूला झाले, तेव्हा वाटलं आता डोकं काहीतरी करेल. सहा वर्षं वाट बघत होते, पुढे गेले तर काय होईल म्हणून. पस्तीसला काय झालं माहितीये?"

मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही झालं. दुखत होतं आणि मी धावत होते. एवढंच असतं ते."

मग तू म्हणालीस, "मी अजून रागावलेली आहे."

मी म्हटलं, "राहा."

"पुष्कळ दिवस राहीन."

"राहा. राग काय, मोजून द्यायचाय का?"

तू हसलीस की खोकलीस ते फोनवर कळलं नाही. पुढच्या हंगामात वेग लावणार नाही म्हणालीस, धावणार. शाळेला कळवलं का, हे आईने विचारलं, ते तुमचं तुम्ही बघा.

टाच बघ. शेवटच्या दोन किलोमीटरला डावी टाच उचलत होतीस.

बाबा


२४ एप्रिल

भिंगरी,

हे पत्र थोडक्यात, कारण पहाटे रंगाच्या कामाला जायचंय. जुन्या रेघा मी खरवडून काढतोय. अकरा फूट एका सकाळी होतात. मोजणीच्या बाई नव्या रेघा मारायला पुढच्या महिन्यात येणार आहेत, मी फक्त डबा धरणार आहे.

एक गोष्ट तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी. बुटांच्या एका कंपनीचा माणूस आला होता. त्या रविवारी तू बाजूला होऊन परत धावलीस ते त्यांनी पाहिलं आणि त्यांना तुझी गोष्ट हवी आहे. सभ्य माणूस. दुकानात बसायला जागा नव्हती तर वजनांच्या पेटीवर बसला. त्याने सगळं आधीच ठरवून आणलं होतं: काटे दुरुस्त करणारा बाप, हाताने केलेलं चाक, हाताने मापलेला रस्ता, आणि त्यावर एकोणिसाव्या वर्षी तेहेतीस पन्नास. वह्यांची पानं मोठी करून भिंतींवर लावणार.

मी म्हटलं, "तो आकडा चूक आहे. चौतीस पंधरा."

तो म्हणाला, "छान, पण तेहेतीसमध्ये मजा आहे. आणि बाबासाहेब, सहा वर्षांपूर्वीचा रस्ता आता मोजायला कोण येतंय?"

मी म्हटलं, "एक बाई येऊन गेल्या."

त्याने लाल पेन्सिलचे आकडे बघितले आणि विचारलं, हे खोडता येतील का. मग रक्कम वाढवली. तुझी आई आतून ऐकत होती. नंतर जेवताना तिने मला न मागता दुसऱ्यांदा वाढलं, त्यावरून तिचं मत कळलं. तुझ्याकडे तो सरळ येईल, तुझं तू ठरव. तुझ्या धावण्याचे पैसे तुझे आहेत, त्यात मी पडत नाही. त्याने माझ्याकडून मागितलं होतं ते एवढंच.

नाही म्हटलेला देकार असा: मोजचाक, नऊ वह्या लाल पेन्सिल खोडून, आणि "घरचा रस्ता अचूक दहा किलोमीटर, वेळ तेहेतीस पन्नास" या ओळीखाली माझी सही. आठ लाख चाळीस हजार.

बाबा